पैठणीचं पान कसं लिहावं: ऑनलाइन दुकानाच्या मजकुराचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या दुकानदारांची तक्रार ठरलेली असते: वेबसाइट काढून सहा महिने झाले, माल चांगला आहे, भावही रास्त आहे, पण गूगलवर आपलं दुकान दिसतच नाही. हे काम हातात घेणाऱ्या नव्या मुलामुलींनी पहिल्या दिवशी एक साधी तपासणी करावी. साइटवरच्या एखाद्या साडीच्या वर्णनातलं एक अख्खं वाक्य उचला, अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. ‘आकर्षक डिझाइनची सुंदर पैठणी, लग्नसमारंभासाठी उत्तम’ हे वाक्य आणखी दहा-वीस साइटवर जसंच्या तसं सापडलं, तर दुखणं कळलं. होलसेलवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसोबत जो मजकूर पाठवला, तोच सगळ्यांनी चिकटवलेला असतो.

इथे एक गैरसमज आधी काढून टाका. सारखा मजकूर दिसला म्हणून गूगल सहसा दंड करत नाही. तो एकसारख्या पानांतून एक पान निवडतो आणि बाकीची मागे ठेवतो. निवडलं जाणारं पान बहुधा मोठ्या मार्केटप्लेसचं (म्हणजे अनेक दुकानांचा माल एकत्र विकणाऱ्या साइटचं) असतं, कारण त्याच्याकडे जुनं नाव आणि हजारो लिंका आहेत. म्हणूनच आपलं वर्णन मार्केटप्लेसवरही तसंच टाकणं म्हणजे आपल्याच हाताने गिऱ्हाईक तिकडे धाडणं. तिथे छोटा, वेगळा मजकूर द्या. सविस्तर लेखन आपल्या साइटसाठी राखून ठेवा.

वेगळा मजकूर म्हणजे शब्द बदलणं, असं बरेच जण समजतात. ‘सुंदर’च्या जागी ‘मनमोहक’ लिहून काहीही साधत नाही, आणि एआयकडून तेच शंभर साड्यांसाठी लिहून घेतलं तरी साधत नाही. मार्च 2024 पासून तर केवळ क्रमवारीसाठी घाऊक तयार केलेली, गिऱ्हाइकाच्या कामाची नसलेली पानं गूगलच्या स्पॅम धोरणात उघडपणे येतात. वस्तू ज्याच्या हातात आहे त्यालाच जे सांगता येईल, ते पानावर असलं पाहिजे. हा सगळा मजकूर दुकानातच, घडी मोडलेल्या साडीसमोर बसून मिळतो.

तर साडी टेबलावर उलगडा. सोबत मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, फोन आणि वही. काठाची रुंदी मोजा, पदराची लांबी मोजा, ब्लाउजपीस वेगळं मोजा, साडी काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन घ्या. काठ नारळी (नारळाच्या नक्षीचा) आहे की आसावली (फुलवेलीचा), पदरावर बांगडीमोर (बांगडीच्या गोलातला मोर) आहे की मुनिया (पोपट), हे विणकराला किंवा जुन्या सेल्समनला विचारा. अंदाजाने नाव देऊ नका. जरीची तार टेस्टेड (तांब्याची, वर मुलामा दिलेली) आहे की दुसरी कुठली, सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचं, लेबल आहे का, हेही टिपा. मग पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत नक्षी रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी विणतात आणि जिथे रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवतात. त्यामुळे दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. यंत्रमागाच्या साडीत मागे आडवे सुटे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात. उलट्या बाजूचा एक फोटो चार ओळींच्या विशेषणांपेक्षा जास्त विकतो.

या टिपणातून असा मजकूर तयार होतो: ‘पैठणच्या हातमागावर विणलेली रेशमी पैठणी. अंग राणी रंगाचं, काठ हिरवा नारळी, दोन्हीकडे 4 इंच. पदर 28 इंच, त्यावर पाच बांगडीमोर. टेस्टेड जर. साडी 5.5 मीटर, ब्लाउजपीस 80 सेंटिमीटर वेगळं. वजन 720 ग्रॅम, म्हणजे दिवसभराच्या कार्यात नेसायला मध्यम जड. पदराची उलट बाजू चौथ्या फोटोत आहे. पहिली धुलाई ड्रायक्लीन, नंतर मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते.’ यात कुठेही कीवर्ड (लोक शोधतात तो शब्द) कोंबलेला नाही, तरी लोक जे शोधतात ते बहुतेक शब्द आपसूक आले आहेत. असं एक पान नीट करायला सुरुवातीला दीड-दोन तास जातात. सवय झाली की चाळीस मिनिटांत होतं.

उलट्या बाजूचा हाच नियम दुसऱ्या मालाला डोळे झाकून लावला तर फसगत होते. संभाजीनगरच्या हिमरू कापडाचं उदाहरण घ्या. सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमाच्या जादा बाण्याने (आडव्या धाग्यांनी) नक्षी उठते आणि मागच्या बाजूला रेशमी धाग्यांचा सैल थर राहतो. शालीला मऊपणा त्यानेच येतो. पैठणीच्या पानावरून ‘मागे सुटे धागे नाहीत’ हे वाक्य हिमरूच्या पानावर गेलं, तर लिहिणाऱ्याला वस्तू माहीत नाही हे जाणकार गिऱ्हाईक पहिल्या ओळीतच ओळखतं, आणि माल परत येतो.

शब्द कोणते वापरायचे ते गिऱ्हाइकाकडून घ्या. गूगलच्या शोधपेटीत ‘पैठणी’ लिहून थांबा आणि खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. तेच रोमन लिपीतही करा, कारण आपले लोक मराठी शब्द मोठ्या प्रमाणावर रोमनमध्ये टाइप करतात, आणि हिमरूची तर दोन-तीन स्पेलिंग चालतात. काउंटरवर येणारे प्रश्नही असेच उपयोगी: ‘ओरिजनल कशी ओळखायची?’, ‘फॉल-पिको करून मिळेल का?’, ‘नऊवारीत आहे का?’ हे प्रश्न उत्तरांसह पानावर घ्या. पानाच्या शीर्षकात आधी वस्तू, मग वेगळेपण, शेवटी दुकानाचं नाव: ‘राणी रंगाची हातमाग पैठणी, नारळी काठ, बांगडीमोर पदर’ आणि त्यापुढे दुकानाचं नाव. महत्त्वाचे शब्द पुढे ठेवा, मोबाइलवर शेपूट कापलं जातं. मेटा कीवर्डचा (गिऱ्हाइकाला न दिसणारा, शोधशब्दांचा) रकाना भरण्यात वेळ घालवू नका. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने 2009 मध्येच सांगितलं आहे. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना बहुतेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक बिचकतात.

हातमागाच्या मालाची खरी अडचण वेगळी आहे. तशी साडी एकच असते. ती विकली की पानाचं काय? पुष्कळ दुकानं पान पुसून टाकतात किंवा सगळं मुख्यपानाकडे वळवतात. असं वळवणं गूगल बहुधा ‘पान नाही’ असंच धरतो, आणि कमावलेली जागा जाते. तशीच साडी पुन्हा विणून मिळणार असेल तर पान ठेवा, ‘विकली गेली, ऑर्डरवर विणून मिळेल’ लिहा आणि जवळच्या चार साड्यांच्या लिंका द्या. मिळणारच नसेल तर त्या प्रकाराच्या संग्रहपानाकडे, म्हणजे तशा सगळ्या मालाच्या एकत्र पानाकडे, कायमचं (301 चं) रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप तिकडे जातो.

म्हणून आमचं ठाम मत असं की अशा दुकानाने सर्वांत जास्त मेहनत संग्रहपानांवर घ्यावी. ‘काळी पैठणी’, ‘डोहाळजेवणासाठी हिरवी साडी’, ‘दहा हजारांच्या आतली पैठणी’ ही पानं वर्षानुवर्षं राहतात, आतला माल बदलतो. प्रत्येकावर दोन-तीनशे शब्दांचा खरा मजकूर हवा: या रंगात कोणते काठ येतात, भाव कशामुळे वाढतो, ऑर्डर दिल्यास किती आठवडे लागतात. संक्रांतीच्या काळ्या साडीचा शोध डिसेंबरात वाढतो, तेव्हा ते पान ऑक्टोबर-नोव्हेंबरातच तयार हवं. संक्रांतीच्या आठवड्यात टाकलेलं पान पुढच्या वर्षीच कामी येतं.

एकाच कुर्तीचे पाच रंग असतील तर पाच पानं करू नका. एका पानावर रंग निवडू द्या.

खाण्याच्या मालात लेखणी आणखी जपून चालवावी लागते. वसमतच्या हळदीचं पान लिहिताना जात सेलम (हळदीचा एक वाण) आहे का, हळकुंड कुठल्या हंगामातलं, पॉलिश केलंय का, दळण कधीचं, हे लिहा. कुरकुमिनचं (हळदीतल्या पिवळ्या घटकाचं) प्रमाण लिहायचं असेल तर त्याच लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. ‘संधिवात बरा होतो’ असलं वाक्य कितीही शोधलं जात असलं तरी टाकू नका, कायद्याने ते अंगाशी येतं. निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता पानावर दिसलाच पाहिजे, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांकही. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तसंच जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला आणि मराठवाडा केसरलाही. पण त्या मानांकनाचा शिक्का वापरायला उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला असावा लागतो. दुकानदाराकडून नोंदणीचा कागद मागून घ्या, मगच लिहा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका, तिथे ते दाबले जातात आणि जरीचा पोत जातो. मूळ फाइल घ्या, वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो-प्रकार) करून शंभर-दोनशे केबीत आणा, आणि फाइलला अर्थाचं नाव द्या. ऑल्ट मजकुरात (फोटोचं शब्दांतलं वर्णन) दिसतं तेच लिहा: ‘राणी पैठणीच्या पदराची उलट बाजू’. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. तो उशिरा येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सगळ्यात वरच्या फोटोलाही लेझी लोडिंग (फोटो पडद्यावर येईपर्यंत न उघडण्याची सोय) लावलेलं असतं. ते पहिल्या फोटोवरून काढा. किंमत, चलन आणि उपलब्धता प्रॉडक्ट स्कीमात (गूगलला वाचता यावी म्हणून पानात घातलेल्या मालाच्या माहितीत) भरली आहे का, ते गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पाहा. स्कीमात एक भाव आणि पानावर दुसरा, ही चूक सेल संपल्यावर हमखास होते.

पुढचं काम सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या मोफत साधनात. ‘क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स नाही’ (गूगलने पान पाहिलं, पण शोधाच्या यादीत घेतलं नाही) या यादीत पातळ मजकुराची पानं भरपूर सापडतात, ती आधी उघडा. मग परफॉर्मन्स अहवालात असे शोध काढा ज्यांत इम्प्रेशन्स (पान शोधात किती वेळा दिसलं) भरपूर आहेत आणि क्रमवारीतली जागा आठ ते वीसच्या दरम्यान आहे. ती पानं थोड्या मेहनतीने वर येतात, म्हणून सुरुवात तिथून. सगळी साइट एकदम बदलू नका. पंधरा-वीस पानं लिहा, तारीख वहीत नोंदवा, तितकीच जुनी पानं तशीच ठेवा, आणि आठ ते बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचे क्लिक्स शेजारी-शेजारी मांडा. दुकानदार दुसऱ्याच आठवड्यात विचारतो, ‘आलो का वर?’ त्याला ही मुदत काम सुरू करतानाच सांगून ठेवा. आणि नोकरीसाठी जाल तेव्हा हीच वही, आधीचा आणि नंतरचा मजकूर, आणि त्या पानांचे सर्च कन्सोलचे आकडे दुकानदाराच्या परवानगीने सोबत न्या.