लेबलवर १५०० वॉट, प्रत्यक्षात किती? व्होल्टेज-करंटवरून ओहम आणि वॉट काढायची रीत

सोलापूरची थंडी ती काय, पण पहाटेच्या अंघोळीसाठी बादलीत टाकायचा रॉड पुष्कळ घरांत असतो. त्यावर छापलेलं असतं : २३० व्होल्ट, १५०० वॉट. म्हणजे १५०० वॉट मिळणार ते २३० व्होल्ट आले तरच. तुमच्या बोर्डात येतात किती, ते मोजल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका.

सूत्रं दोनच लागतात.

रेझिस्टन्स (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर (वॉट) = व्होल्टेज × करंट

पहिलं जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलं. बाकीची सूत्रं या दोघांतूनच निघतात, ती वेगळी पाठ करायची गरज नाही.

आधी व्होल्टेज. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या सर्वात मोठ्या रेंजवर ठेवा. रॉड पाण्यात चालू असताना शेजारच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला प्रोब लावा. लोड नसताना घेतलेलं रीडिंग फसवतं. रॉड सुरू केला की तेच व्होल्टेज खाली येतं. सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून 'तापलं का' बघू नका.

मग करंट. इथे क्लॅम्प मीटर वापरायचा. त्याचा जबडा एकाच वायरभोवती अडकवायचा. अख्खी केबल आत घेतली तर फेजचा आणि न्यूट्रलचा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून वायरमन लोक एका छोट्या एक्स्टेन्शनच्या आतल्या वायरी, इन्सुलेशन शाबूत ठेवून, सुट्या करून बाळगतात. साधा मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून प्रोब सॉकेटमध्ये कधीही घालू नका. तो सरळ शॉर्ट होतो.

आता हिशोब. समजा, २३० व्होल्टला ६.५ अँपिअर आले.

रेझिस्टन्स : २३० ÷ ६.५ = ३५.४ ओहम
पॉवर : २३० × ६.५ = १४९५ वॉट

लेबल खरं बोलतंय. पण व्होल्टेज १९० वर आलं तर? रॉडचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच राहतो, म्हणून करंट १९० ÷ ३५.४ = ५.३७ अँपिअर आणि पॉवर १९० × ५.३७ = सुमारे १०२० वॉट. व्होल्टेज १७ टक्के पडलं, पॉवर मात्र ३२ टक्के! व्होल्टेज घटलं की करंटही घटतो, म्हणून हा दुहेरी मार.

बादलीत याचा अर्थ काय? २० लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायला २३० व्होल्टला साधारण १९ मिनिटं लागतील, १९० ला २७. 'व्होल्टेज कमी, म्हणून बिल जास्त' असं बरेच जण म्हणतात. रॉडच्या बाबतीत ते खरं नाही. दोन्ही वेळा जेमतेम अर्धा युनिटच जळतो. जादा वेळात बादलीतून उडून जाणाऱ्या उष्णतेचा फरक किरकोळ.

क्लॅम्प मीटर नसेल तर पिन काढून, रॉड गार झाल्यावर, पिनच्या फेज आणि न्यूट्रलच्या टोकांमध्ये ओहम मोजा आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम करा, वॉट मिळतील. ही युक्ती जुन्या पिवळ्या बल्बवर मात्र चालत नाही. १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतो.

मोटारीला तर ही रीत लावूच नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लूमची एक एचपीची (हॉर्सपॉवरची) मोटार घ्या. तिथे व्होल्टेज भागिले करंट केलं तर वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, खरा रेझिस्टन्स मिळत नाही, आणि पॉवर काढताना पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला खऱ्या पॉवरचा हिस्सा, धरावा लागतो. थ्री फेजला १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. ४१५ व्होल्ट, १.९ अँपिअर आणि ०.७५ पॉवर फॅक्टर असेल तर १०२४ वॉट. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण ते शाफ्टवर मिळणारे. मधला फरक मोटारीच्या आतच उष्णतेत जातो.

एक हिशोब वायरीचाही करा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम रेझिस्टन्स असतो. २० मीटरच्या एक्स्टेन्शनमध्ये जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.७ ओहम. त्यावर २००० वॉटचा हीटर लावला की ८.७ अँपिअर वाहतात, सहा व्होल्ट वाटेतच जातात आणि ५० वॉटच्या वर उष्णता वायरीत तयार होते. केबल गुंडाळलेली असेल तर ती बाहेर पडायला जागाच मिळत नाही. एवढा लोड घ्यायच्या आधी केबल पूर्ण उलगडून टाका.