गेमची घोषणा कोणासाठी? ऑनलाइन शोच्या कामात येणाऱ्यांसाठी

गेम कंपनीच्या व्हिडिओ विभागात शिरायचं असेल तर आधी काय शिकू, असं नवी मुलं मला विचारतात. त्यांना सॉफ्टवेअरची नावं हवी असतात. मी मात्र त्यांना जपानी गेम कंपनी निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता एप्रिल २०१३ मध्ये गुंतवणूकदारांसमोर काय बोलले, ते आधी वाचायला सांगते. त्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात सगळ्यांसाठी मिळून होणारा नेहमीचा मोठा कार्यक्रम आपण करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्याऐवजी अमेरिकेतल्या वितरकांसाठी एक वेगळा, बंद कार्यक्रम ठेवला. पत्रकारांना गेम हातात घेऊन खेळता यावेत म्हणून दुसरा. आणि घरी बसलेल्या खेळाडूंसाठी निन्टेन्डो डायरेक्ट हे ऑनलाइन प्रक्षेपण.

अनेकांना ती माघार वाटली. निन्टेन्डोचा तेव्हाचा कन्सोल वी यू फारसा विकला जात नव्हता, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविकही होतं. पण आमच्या कामाचा मूळ प्रश्न त्या निर्णयात आहे: समोर कोण बसलंय? ई-थ्री १९९५ साली सुरू झालं ते व्यापारी प्रदर्शन म्हणून. सभागृहात दुकानांसाठी माल घेणारे, पत्रकार, विश्लेषक असत. सामान्य खेळाडूंसाठी तिकिटं खुली व्हायला २०१७ उजाडलं. दरम्यान तोच कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दिसू लागला, आणि सभागृहातल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त माणसं तो घरून बघू लागली. मग एकाच मंचावरून चौघांशी बोलायची वेळ आली. वितरकाला माल कधी येणार हे हवं, गुंतवणूकदाराला विक्रीचे आकडे, पत्रकाराला मथळा, आणि खेळणाऱ्याला फक्त गेम बघायचा. त्या काळातले कार्यक्रम काढून बघा. दोन गेमच्या मध्ये विक्रीचे आलेख येतात, आणि घरचा प्रेक्षक तेवढा वेळ ताटकळतो.

निन्टेन्डो डायरेक्ट ऑक्टोबर २०११ मध्येच सुरू झालं होतं. साधी पार्श्वभूमी, समोर कॅमेरा आणि बोलणारा एक माणूस. जपानसाठी इवाता स्वतः, उत्तर अमेरिकेच्या आवृत्तीत तिथले प्रमुख रेजी फिस-एमे, युरोपच्या आवृत्तीत तिथले प्रमुख सातोरू शिबाता. ११ जून २०१३ चं प्रक्षेपण जरूर बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ७ आणि जपानमध्ये रात्रीचे ११ वाजले होते. 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड', 'मारिओ कार्ट ८', 'सुपर स्मॅश ब्रदर्स' अशी मोठी नावं होती, पण मध्ये एकही आलेख नाही. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: त्याच आठवड्यात अमेरिका आणि कॅनडातल्या बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्स साखळीच्या १०० हून अधिक दुकानांत ई-थ्रीचे डेमो लोकांना खेळायला ठेवले होते. सांगणं ऑनलाइन गेलं, पण हातात देणं थांबलं नाही. माझ्या मते त्या निर्णयातला सर्वांत शहाणा भाग तोच होता.

मी या क्षेत्रात सबटायटलच्या वाटेने आले. पुढे कॅप्चर केलं, म्हणजे व्हिडिओसाठी गेम खेळून त्याचं फुटेज रेकॉर्ड करणं, मग एडिटिंग. ही वाट मला आजही चांगली वाटते, कारण सबटायटल करताना प्रत्येक वाक्य वाचायला प्रेक्षकाला किती वेळ लागतो हे शिकावंच लागतं. इंग्रजीत सेकंदाला साधारण १७ अक्षरांची मर्यादा बरेच जण पाळतात. जपानीत सेकंदाला ४ अक्षरं हा जुना दंडक आहे. जर्मन किंवा फ्रेंचमध्ये तेच वाक्य हमखास लांबतं. एडिटरने इंग्रजीच्या लयीत घट्ट कापलेला तुकडा जर्मन आवृत्तीत पोहोचला की ओळ वाचून होण्याआधीच दृश्य बदलतं. म्हणून स्क्रिप्ट लिहितानाच सर्व भाषांचा विचार करा. पडद्यावर मोठी अक्षरं येणार असतील तर ती मूळ व्हिडिओत पक्की बसवू नका, वेगळ्या थरावर ठेवा. ही सवय पहिल्या महिन्यात लावून घेतलीत तर पुढचे लोक तुम्हाला दुवा देतील.

आता कॅप्चरबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा हेच येतं आणि याला सगळ्यात कमी लेखलं जातं.

गेम खेळण्यात पटाईत असलेला माणूस चांगलं कॅप्चर करतोच असं नाही. पटाईत खेळाडू कॅमेरा झटक्यात फिरवतो, शत्रू दिसायच्या आत त्याला संपवतो, अंगवळणी पडलेल्या रस्त्याने धावत सुटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला आधी जागा दिसली पाहिजे, मग धोका, मग तुम्ही काय करताय, आणि मग त्याचा परिणाम. म्हणून कॅप्चर करताना मी चालते, धावत नाही. वळण्यापूर्वी क्षणभर थांबते. कंट्रोलरची स्टिक हलकी धरून कॅमेरा एकाच दिशेने, एकाच वेगाने नेते. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी काही सेकंद मोकळे सोडते, म्हणजे एडिटरला कापायला हँडल मिळतात. तेच दृश्य वेगवेगळ्या अंतरांवरून पुन्हा घेते. आणि चुकून एखादा मजेशीर प्रकार घडला तर तो टेक पुसत नाही, कारण कित्येकदा ट्रेलरचा सर्वांत जिवंत तुकडा तिथेच सापडतो.

काही तांत्रिक पथ्यं आहेत. गेममधलं संगीत बंद करा आणि फक्त आवाज ठेवा: पावलं, तलवार, स्फोट. संगीतासकट रेकॉर्ड केलं तर प्रत्येक कापावर सूर तुटतो आणि तो नंतर जोडता येत नाही. एचयूडी, म्हणजे पडद्यावर दिसणारे गुण, आयुष्य, नकाशा वगैरे, बंद केलेलं फुटेज वातावरण दाखवायला चांगलं, पण खेळ कसा चालतो हे समजावताना एचयूडी लागतंच, म्हणून दोन्ही घ्या. बिल्ड, म्हणजे तुम्हाला दिलेली गेमची आवृत्ती, अपुरी असेल तर कोपऱ्यात डीबगचा, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या तपासणीचा, मजकूर राहिलाय का, हे प्रत्येक टेकला तपासा. सेकंदाला ६० फ्रेमचा गेम ६० फ्रेमनेच रेकॉर्ड करा. यूट्यूबवर ६० फ्रेम दिसण्याची सोय २०१४ च्या शेवटी आली. त्याआधीचे जुने ट्रेलर अडखळल्यासारखे वाटतात, त्याचं एक कारण हे आहे. आणि पाऊस, गवत, ठिणग्या, उडणारे कागद अशी दृश्यं ऑनलाइन कॉम्प्रेशनमध्ये चिखल होतात. तुमच्या मॉनिटरवर काचेसारखं स्वच्छ दिसलेलं दृश्य साध्या फोनवर, साध्या कनेक्शनवर एकदा बघितल्याशिवाय मंजुरीला पाठवू नका.

एडिटिंगच्या टेबलावर मंच आणि प्रक्षेपण यांतला फरक सर्वांत स्पष्ट जाणवतो. मंचावर वक्ता नाव घेतो, लोक ओरडतात, तो थांबतो, पुन्हा बोलतो. त्या थांबण्यात प्रेक्षक जे बघितलं ते पचवतो. प्रक्षेपणात ती जागा तुम्हाला मुद्दाम कापून ठेवावी लागते. लोगो आल्यावर लगेच पुढच्या गेमकडे पळालात तर घरात उडी मारून उठलेला माणूस पुढची माहिती ऐकतच नाही. किती थांबायचं याचं सूत्र नाही. ज्याने हा गेम कधी पाहिला नाही अशा कोणालातरी शेजारी बसवा आणि पडद्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

मंचावर काय होतं आणि ते का गेलं, हेही समजून घ्या. २०१० च्या ई-थ्रीत निन्टेन्डोचे प्रसिद्ध गेमनिर्माते शिगेरू मियामोतो झेल्डा मालिकेतला 'स्कायवर्ड स्वोर्ड' मंचावर खेळून दाखवत होते आणि हातातला कंट्रोलर फिरवला तरी गेममधली तलवार सांगेल तशी चालेना. सभागृहातल्या वायरलेस लहरींचा अडथळा होता. गेमचा दोष नसताना लाखो लोकांच्या मनात पहिली शंका तिथेच बसली. प्रक्षेपणात असा धोका राहत नाही. पण हेच मियामोतो २००४ साली झेल्डाच्या ट्रेलरनंतर ढाल-तलवार घेऊन मंचावर आले तेव्हा सभागृहात जो कल्लोळ झाला, तो कुठल्याही एडिटरला उभा करता येणार नाही. २०१७ मध्ये युबिसॉफ्टच्या कार्यक्रमात 'मारिओ प्लस रॅबिड्स'चे दिग्दर्शक दाविदे सोलियानी प्रेक्षकांत बसून रडत होते आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. कित्येकांना तो गेम त्या चेहऱ्यामुळे लक्षात राहिला. प्रक्षेपणात गेम बनवणारी माणसं अशी दिसत नाहीत, आणि ही उणीव मला खरोखर टोचते. म्हणून स्क्रिप्टच्या बैठकीत तुम्हाला बोलायची संधी मिळाली तर गेम बनवणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर आणा असं सांगा. तो अडखळत बोलला तरी चालेल.

निन्टेन्डोने ही उणीव भरायचा एक मार्ग २०१४ मध्ये काढला. ई-थ्रीच्या दिवशी आधी एडिट केलेला डिजिटल इव्हेंट दाखवला, आणि मग प्रदर्शनाच्या जागेवरून ट्रीहाउस लाइव्ह हे थेट प्रक्षेपण सुरू केलं. त्यात कंपनीची माणसं आणि गेमचे निर्माते तासन्‌तास गेम थेट खेळत, गप्पा मारत. 'स्प्लाटून' त्याच वर्षी पहिल्यांदा समोर आला. शत्रूला टिपण्यापेक्षा जमीन आपल्या रंगाच्या शाईने भरणं महत्त्वाचं, ही कल्पना छोट्या ट्रेलरमध्ये पटकन गळी उतरत नाही. पण कोणीतरी खेळताना दहा मिनिटं बघितलं की समजते. नव्यांनी यातून हे ओळखावं की ऑनलाइन शो म्हणजे फक्त एडिटिंग नव्हे. थेट स्ट्रीमचं काम करणारे वेगळे लागतात: स्विचिंग करणारा, आवाज सांभाळणारा, डेमो हातात घेऊन बोलता बोलता खेळू शकणारा. बोलता बोलता खेळणं ही दुर्मीळ कला आहे. ती येत असेल तर लपवू नका.

यानंतर बाकीच्यांनीही वाट बदलली. गेम कंपनी ईएने २०१६ मध्ये ई-थ्रीचा स्टॉल सोडून स्वतःचा ईए प्ले भरवला. सोनीने मार्च २०१९ मध्ये स्टेट ऑफ प्ले हे स्वतःचं ऑनलाइन प्रक्षेपण सुरू केलं आणि त्या वर्षी ई-थ्रीला गेलीच नाही. २०२० चं प्रदर्शन कोविडमुळे रद्द झालं, २०२१ चं पूर्णपणे ऑनलाइन झालं, पुढची दोन्ही वर्षं पुन्हा रद्द. १२ डिसेंबर २०२३ रोजी ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. कोलोनचं गेम्सकॉम आणि जपानमधला टोकियो गेम शो मात्र भरतात, लोक रांगा लावून गेम खेळतात. त्यामुळे प्रदर्शनांचे दिवस संपले असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. कामाची वाटणी बदलली आहे, एवढंच. पूर्वी वर्षातून एकदा जूनमध्ये सगळी धावपळ असे, आता प्रक्षेपणं वर्षभर विखुरलेली असतात, आणि त्यामुळे व्हिडिओची माणसं वर्षभर लागतात.

गुप्ततेबद्दल थोडक्यात. करारावर सही केल्यावर घरातही गेमचं नाव घ्यायचं नाही. कोणत्या फाइलचं नाव काय ठेवायचं यालाही नियम असतात, तेही पाळायचे. निन्टेन्डोची प्रक्षेपणं बहुधा एक-दोन दिवस आधीच जाहीर होतात, आणि ती चालू असताना किंवा संपताच वेगवेगळे ट्रेलर, संकेतस्थळाची पानं, ऑनलाइन दुकानातली पानं एका वेळी खुली व्हावी लागतात. एखादा गेम 'आजपासून उपलब्ध' म्हणून सांगितला असेल तर त्या मिनिटाला तो विकत घेता आलाच पाहिजे. त्याशिवाय ट्रेलरच्या सुरुवातीला वयोगटाच्या रेटिंगची पाटी लागते, आणि ती अमेरिकेत ईएसआरबीची, युरोपात पेगीची, जपानमध्ये सेरोची अशी वेगवेगळी असते. चुकीची पाटी चुकीच्या देशात गेली तर व्हिडिओ मागे घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणं वाटतं खरं, पण ज्याच्यावर डोळे झाकून विसंबता येतं असा माणूस प्रत्येक विभागाला हवा असतो, आणि नव्याला नाव कमवायला यापेक्षा जवळची जागा नाही.

तयारी घरूनच करता येते. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ मोफत आहे, एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकायला पुरेशी आहे. एखाद्या छोट्या स्वतंत्र स्टुडिओचा गेम घ्या, त्यांचं व्हिडिओविषयक धोरण वाचा, लागली तर परवानगी मागा. आधी फुटेजची यादी कागदावर लिहा: कोणतं दृश्य, किती सेकंद, कशासाठी. मग दोन व्हिडिओ बनवा. पहिला, त्या गेमचं नाव कधीच न ऐकलेल्यांसाठी. दुसरा, त्याच्या आधीचा भाग खेळून पुढच्याची वाट बघणाऱ्यांसाठी. फुटेज दोन्हीकडे एकाच साठ्यातलं वापरा, पण क्रम, लांबी आणि शब्द वेगळे ठेवा. मुलाखतीला जाताना दोन्ही न्या आणि फुटेजची यादीही सोबत ठेवा. कोणता तुकडा एकीकडून काढून दुसरीकडे ठेवला आणि का, हे नीट सांगता आलं तर बाकीचे प्रश्न बहुतेक त्यातूनच निघतात.