घाटात शेवटचा डबा धरा : जुन्या इलेक्ट्रिक इंजिनांसाठी एक दिवस

जुनं इलेक्ट्रिक इंजिन ऐकायचं असेल तर गाडीच्या पुढच्या टोकाला धावत जाऊ नका. मागे जा. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडाला आता बहुतेक वेळा डब्ल्यूएपी-७ असतं. चांगलं इंजिन आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही, पण ते थ्री-फेजचं, म्हणजे नव्या जमान्याचं. कर्जतला गाडीच्या शेपटाला जे बँकर, म्हणजे लोणावळ्याचा घाट चढताना मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, तिथे मात्र अजून जुनी मंडळी भेटतात. म्हणून हा सगळा बेत बँकरभोवती आखलेला आहे.

मी बदलापूरची. नोकरी वीज उपकेंद्रात केली, त्यामुळे माझे कान आधीपासूनच ट्रान्सफॉर्मरला लागलेले. ज्यांचे नाहीत त्यांनी दोन गोष्टी डोक्यात ठेवून निघावं.

पहिली गोष्ट इंजिनाच्या अंगावरचा पाच आकडी नंबर. २२ ने सुरू झाला तर बहुधा डब्ल्यूएपी-४, म्हणजे पॅसेंजर गाड्यांचं जुनं इंजिन. २३ किंवा २४ असेल तर डब्ल्यूएजी-५. २७ किंवा २८ असेल तर डब्ल्यूएजी-७. ही दोन्ही मालगाडीची इंजिनं, आणि घाटात ढकलायला तीच कामाला येतात. नंबर २१ ने सुरू होत असेल तर हातातला चहा खाली ठेवा. ती कल्याण शेडची (शेड म्हणजे इंजिनांच्या देखभालीचं घर) डब्ल्यूसीएएम किंवा डब्ल्यूसीएजी, एसी आणि डीसी दोन्हीवर चालणारी. मुंबईत १५०० व्होल्ट डीसी होतं तेव्हा त्यांना मान होता. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा शेवटचा डीसी तुकडाही २५,००० व्होल्ट एसी झाला आणि त्यांची निम्मी विद्या बिनकामाची ठरली. छपरावर दोन पँटो, म्हणजे तारेतून वीज घेणारे सांगाडे, दिसतील, एक डीसीसाठी होता, एक एसीसाठी. ३० किंवा ३७ दिसलं तर ते डब्ल्यूएपी-७, आपल्या आजच्या यादीत नाही. नंबराजवळ शेडचं नावही रंगवलेलं असतं, तेही वहीत लिहा. कल्याण, भुसावळ नेहमीचीच, पण लांबच्या शेडचं इंजिन या घाटात दिसलं तर ती खरी कमाई.

दुसरी गोष्ट आवाज. जुन्या इंजिनात तारेतली वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये येते, तिथे व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा टॅप चेंजर असतो, पुढे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि डीसी मोटरा. आमच्या उपकेंद्रात व्होल्टेज पडलं की टॅप एक पायरी वर जायचा, तेच काम इथे ड्रायव्हर नॉच, म्हणजे हँडलची पायरी, वाढवून करतो. अशा ३२ पायऱ्या. प्रत्येक पायरीला आतून ‘खट्’ असा भरीव आवाज येतो आणि पाठोपाठ डब्याला हलकासा रेटा बसतो. याखेरीज ब्लोअरचा, म्हणजे आतली यंत्रं गार ठेवणाऱ्या पंख्यांचा, अखंड घोंगाट. त्याखाली अर्नो कन्व्हर्टरची, म्हणजे या पंख्यांना वीज पुरवणाऱ्या फिरत्या यंत्राची, जाड गुरगुर ऐकू आली तर इंजिन बऱ्यापैकी मूळ अवस्थेत आहे असं समजा, पुष्कळ इंजिनांत आता त्याच्या जागी न फिरणारा स्टॅटिक कन्व्हर्टर बसवलाय. डब्ल्यूएपी-७ सुटताना सूर लावल्यासारखं चढत जातं. ते गोड आहे, पण त्यात खट् नाही.

आता दिवसाचा बेत. वार मधला निवडा, मंगळवार ते गुरुवार. सगळे सांगतात पावसाळ्यात जा, धबधबे बघा. मी सांगते, जाऊ नका. खिडक्या बंद, पावसाचा आवाज, लोणावळ्याला गर्दी, त्यात दरड आली की गाड्याच रद्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि बोगद्यातला आवाज स्वच्छ येतो.

सकाळच्या लोकलने आधी कर्जत गाठा आणि लगेच पुढची गाडी धरू नका. फलाटाच्या भिवपुरीकडच्या टोकाला उभं राहा, कारण पुण्याच्या गाडीचं शेपूट तिथे येतं. लोकलचं तिकीट संपलं, आता फलाटावर कशाच्या जोरावर उभे, असा प्रश्न टीसी विचारू शकतो. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलेलं बरं, ते दोन तास चालतं. या वेळात दोन-तीन गाड्यांना बँकर लागताना बघून घ्या. बघण्यासारखं आहे. जोडीने, कधी तिघं मिळून, इंजिनं हळूहळू मागून येतात आणि शेवटच्या डब्यापासून थोडं अंतर ठेवून थांबतात. पॉइंट्समन, म्हणजे इंजिन जोडणारा रेल्वेचा माणूस, हात दाखवतो, मग माणूस चालेल त्याहूनही सावकाश पुढे येऊन टेकतात. कपलिंग, ब्रेकचा पाइप जोडणं, हवा भरल्याचा फुस्स आवाज. फलाटावरचं अर्धं पब्लिक तेव्हा दिवाडकरांच्या वड्याच्या मागे असतं. वडा तुम्हीही खा, पण आधीच्या गाडीला. स्वतःच्या गाडीला खाल्लात तर पुढे सांगते तो क्षण तोंडात घास असताना निघून जाईल.

गाडी निवडताना दोन निकष. कर्जतला तिला अधिकृत थांबा हवा, नुसती बँकरसाठी थांबणारी गाडी धरू नका. आणि शेवटी काय आहे ते पाहा. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या डब्यांच्या, रेकच्या टोकाला जनरेटर व्हॅन असते. ती मागच्या बाजूला आली आणि चालू असली तर तुम्ही आणि बँकर यांच्यामध्ये डिझेलचा गोंगाट. जुन्या पद्धतीच्या निळ्या आयसीएफ रेकला ही भानगड नाही, शेवटी गार्डचा डबा आणि त्याला लागून बहुधा जनरल. म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीट तेच सगळ्यात चांगली जागा. गाडी सुपरफास्ट असेल तर वरचे पंधरा रुपये विसरू नका, आणि लोकलचा पास एक्स्प्रेसमध्ये चालत नाही. डेक्कन एक्स्प्रेसचा विस्टाडोम डबा नको. काचा मोठ्या, पण बंद. दृश्य मिळेल, आवाज मिळणार नाही.

शेवटच्या जनरलमध्ये मागच्या बाजूची खिडकी धरा. आता तो क्षण. पुढच्या ड्रायव्हरचा हॉर्न, मागच्याचं उत्तर, आणि गाडी ओढली जाण्याऐवजी ढकलली जाते. हा फरक पाठीला कळतो. मग खट्, खट्, खट्. दोन इंजिनांचे टॅप एकाच वेळी पडत नाहीत, त्यामुळे एक ताल तयार होतो आणि पळसदरी येईपर्यंत मोडतो. रेकॉर्ड करायचं असेल तर फोन खिडकीच्या आतच, काठाला टेकवून, माइकवर रुमाल. दारात लटकू नका. बोगद्यात भिंत किती जवळून जाते याचा अंदाज उजेडात येत नाही.

कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. १८६३ पासून हा मार्ग चालू आहे आणि चढ काही कमी झालेला नाही. पाऊण तासाच्या आसपास लागतो. ठाकूरवाडी किंवा मंकी हिलच्या आसपास सिग्नलला गाडी अडली तर कपाळाला हात लावू नका. चढावर थांबलेली गाडी उचलताना सगळे नॉच पुन्हा पहिल्यापासून ऐकायला मिळतात.

लोणावळ्याला चपळाईने उतरा. बँकर सुटतात आणि मग एकमेकांना जोडलेले, रिकामे, खाली जायची वाट बघत उभे राहतात. नंबर नीट टिपायची ही सगळ्यात निवांत वेळ. फोटो फलाटावरूनच. रुळांत उतरलात तर रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरपीएफच्या माणसाने हटकलं तर वाद घालू नका. वही दाखवा. नंबर लिहिणारा माणूस त्यांना निरुपद्रवी वाटतो, निदान माझ्याबाबतीत तरी.

दुपारी जेवून परत निघताना उलटा हिशेब. उतरताना बँकरचं काम नसतं, म्हणून आता पहिला डबा. पुढे निळ्या रेकला डब्ल्यूएपी-४ मिळालं तर नशीब. ही इंजिनं मागे पडण्याचं कारण साधं आहे. एलएचबी डब्यांचे दिवे आणि एसी यांना लागणारी वीज इंजिनातूनच द्यायची पद्धत आली. डब्ल्यूएपी-७ ती देऊ शकतं, डब्ल्यूएपी-४ नाही. चित्तरंजनच्या कारखान्याने २०१६ च्या सुमारास जुन्या पद्धतीची इंजिनं बनवणंच थांबवलं. तेव्हा अमुक गाडीला अमुक इंजिन हमखास मिळतं, असं कोणी सांगितलं तरी त्यावर बेत बांधू नका, लिंक, म्हणजे कुठल्या गाडीला कुठलं इंजिन याच्या नेमणुका, बदलत राहतात. घाट उतरताना ब्रेक तपासायला गाडी मध्ये थांबते, तेव्हा पुढून ब्लोअर ऐकून घ्या. सपाटीला आल्यावर न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेत वीज नसलेला छोटा तुकडा, आला तर तोही. रुळाच्या कडेला ५०० आणि २५० मीटरचे बोर्ड दिसले की कान टवकारा. ड्रायव्हर ब्रेकर उघडतो, म्हणजे इंजिनाची वीज तोडतो, सगळं एकदम गप्प होतं, मग थोड्या वेळाने ब्लोअर एकामागून एक परत उठतात.

शेवटपर्यंत, म्हणजे सीएसएमटीला, जाणार असाल तर १८ नंबर फलाटाच्या बाजूच्या हेरिटेज गल्लीत चक्कर टाका. तिथे मध्य रेल्वेच्या आधीच्या जीआयपी रेल्वेच्या काळातलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं इलेक्ट्रिक इंजिन उभं आहे. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं. रेल्वेची माणसं या जातीला खेकडा म्हणायची. याच घाटातल्या मालगाड्यांसाठी ही इंजिनं १९२८ च्या सुमारास आणली होती. चाकांना जोडणारे दांडे बाहेरून दिसतात, तेवढे वाकून बघा.