बोटीचा ट्रेलर मागे घेताना हात खाली

पिकअपला मोठी बोट जोडून रॅम्पवर (पाण्यात उतरणाऱ्या उतारावर) रिव्हर्स घेताना ट्रेलर हमखास नको त्या बाजूला वळतो.

१. स्टिअरिंग एका हाताने अगदी खालून धरा, घड्याळात सहा असतो तिथे. ट्रेलर डावीकडे हवा तर हात डावीकडे, उजवीकडे हवा तर उजवीकडे. डोकं चालवायचंच नाही.

२. ट्रेलर गाडीच्या बाजूला मुडपायला लागला की थोडं पुढे घेऊन सरळ करा. मागे घेत-घेतच सावरायला गेलात, तर बंपर चेपलाच म्हणून समजा.

३. पाण्याआधी बोटीच्या तळाचं बूच घट्ट करा, ट्रेलरच्या दिव्यांची पिन काढा. लांबून आला असाल तर चाकांचे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतात) निवू द्या. तापलेला हब बुडाला की पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं.

बोटीला पुढून ट्रेलरशी बांधून ठेवणारा विंचचा पट्टा मात्र बोट तरंगेपर्यंत सोडू नका. नाहीतर ट्रेलरच्या रोलरवरून ती थेट काँक्रीटवर घसरते.