बाबांची पद्मिनी दहा मिनिटांत बंद पडायची, शेवटी सापडलं कारण

बाबांची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर, आमचं सगळं लहानपण तिच्या मागच्या सीटवर गेलंय. बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. चालू व्हायची पहिल्या सेल्फला, पण आठ-दहा मिनिटांनी गचके खाऊन बंद, आणि अर्ध्या तासाने परत चालू. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हे स्पार्कचे भाग, पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा), सगळं बदललं, काही फरक नाही. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

मग बंद पडल्या पडल्या कार्बोरेटरचं (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) झाकण उघडलं तर आत पेट्रोलच नाही, म्हणजे स्पार्कचा प्रश्नच नव्हता. टाकीतला गंज पेट्रोल बाहेर पडतं तिथल्या जाळीवर ओढला जायचा आणि पेट्रोल अडायचं, इंजिन थांबलं की गंज खाली बसायचा.

आधी बॅटरी काढा, मग उघड्यावर पेट्रोल रिकामं करून टाकी उतरवा. साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. मग पांढरं व्हिनेगर आणि मूठभर लोखंडी नट (बोल्टचे) टाकून २४ तास ठेवा, अधूनमधून हलवा. व्हिनेगर ओतून दिल्यावर लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उशीर केला तर गंज परत धरतो. पूर्ण वाळवा, थोड्या पेट्रोलने खळबळून काढा. जाळी साफ, रबरी नळ्या नव्या, पंपाआधी फिल्टर, शेवटी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) साफ.

काल आईला पुढे बसवून ४० किलोमीटर फिरवून आणली, एकदाही थांबली नाही.