आरस्पॅन लावण्याआधीची तयारी

आरस्पॅन (रिमोट स्पॅन) म्हणजे एका स्विचच्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या स्विचवरच्या पोर्टवर तपासायला पाठवायची सोय. कुठला पोर्ट बघायचा, हे आधी एका ओळीत लिहून काढा. ‘तिसऱ्या मजल्यावर नेट स्लो आहे’ ही झाली तक्रार. ‘बिलिंगच्या पीसीवरून सर्व्हरकडे जाणारं ट्रॅफिक’ असं काही हाती हवं. दिशाही ठरवा. अख्ख्या व्हीलॅनचं (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कच्या गटाचं) दोन्ही दिशांनी मिररिंग, म्हणजे ही कॉपी, लावलं तर एकच पॅकेट दोनदा दिसतं आणि लोक रीट्रान्समिशन (पॅकेट पुन्हा पाठवलं गेलं असं) समजून भलतीकडेच शोधत बसतात. संशय केबलवर असेल तर हा खटाटोप नकोच. खराब फ्रेम (तारेवरून जाणारे डेटाचे तुकडे) कॉपीत येतच नाहीत, पोर्टचे एरर काउंटर बघा.

मग हिशेब. माझ्या मते हेच काम सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सर्रास टाळलं जातं. १ गिगाबिटचा फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणारा) पोर्ट दोन्हीकडून भरून वाहिला तर कॉपी २ गिगाबिटची होते. पलीकडचा, कॉपी उतरणारा डेस्टिनेशन पोर्ट १ गिगाबिटचाच असेल तर उरलेलं वाटेत गळतं. शिवाय ही कॉपी ज्या ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या, स्विचमधल्या जोडणीवरून) जाते, त्याच ट्रंकवर ऑफिसचं रोजचं काम चालतं. त्या ट्रंकचा वापर आधीच जास्त असेल तर एकच दिशा घ्या. सेकंदाला सलग १०० मेगाबिट म्हणजे तासाला ४५ जीबी. डिस्क तेवढी रिकामी ठेवा.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर यासाठी स्वतंत्र व्हीलॅन लागतो. १ आणि १००२ ते १००५ हे नंबर चालत नाहीत. ‘रिमोट-स्पॅन’ ही ओळ वाटेतल्या प्रत्येक स्विचवर हवी. या व्हीलॅनमध्ये मॅक लर्निंग (कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचने लक्षात ठेवणं) बंद असतं, त्यामुळे तो पोचेल तिथे कॉपीही पोचते. ज्या ट्रंकचा संबंध नाही, तिथून तो काढून टाका. आणि ट्रंकच्या यादीत नंबर वाढवताना ‘अ‍ॅड’ शब्द विसरू नका, नाहीतर जुनी यादीच पुसली जाते आणि मजलाच्या मजला बंद!

वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या लॅपटॉपला दुसरं नेटवर्क कार्ड लावा, कारण डेस्टिनेशन पोर्टवरून त्याचं स्वतःचं ट्रॅफिक जात नाही. मूळ व्हीलॅनचा टॅग कॉपीत मिळणार नाही, तेव्हा कुठला आयपी कुठल्या व्हीलॅनचा, तो तक्ता जवळ ठेवा. सगळ्या स्विचची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीवर) आहेत ना, बघा.

लेखी परवानगी घ्या. कॅप्चरमध्ये लोकांचे पासवर्डही येऊ शकतात. लावताना आधी डेस्टिनेशनचं टोक, मग सोर्सचं; काढताना उलट. काम आटोपेपर्यंत कॉन्फिग सेव्ह करू नका, आणि शिफ्टमधल्या दुसऱ्यालाही तसं सांगून ठेवा.