अर्धांगवायूनंतर बोलणे हरपलेल्या माणसासाठी घरच्या घरी चित्रफलक

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी येतो तेव्हा हातापायांच्या व्यायामाविषयी घरच्यांना बरेच काही सांगितलेले असते; पण त्याचे बोलणेही गेले असेल, तर दिवसभर त्याच्याशी संवाद कसा साधायचा, याचे उत्तर बहुतेक कुटुंबांना स्वतःच शोधावे लागते. मेंदूतील, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या अर्धगोलातील, भाषेच्या केंद्रांना इजा झाल्याने येणाऱ्या या अवस्थेला वाचाघात किंवा अ‍ॅफेझिया म्हणतात. पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याच्या तोंडून ‘टॅन’ या एका ध्वनीखेरीज जवळजवळ काही निघत नसे, मात्र त्याला समोरच्याचे बरेचसे बोलणे समजत असे. काही रुग्णांत समजण्याची क्षमताही कमीअधिक प्रमाणात बाधित होते. तरीही माणसे ओळखणे, घरातल्या वस्तू ओळखणे, आवडनिवड, मानापमानाची जाणीव हे बहुधा शाबूत असते. शब्द हरवतो, पण वस्तूची ओळख हरवत नाही, आणि चित्रांचा उपयोग होतो तो याच कारणाने.

माझ्या सासूबाई रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा त्यांच्याजवळ ‘पाणी’ हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी पाणी, पाय दुखला तरी पाणी. दोन दिवस त्या ताट पुढे आले की मान फिरवत आणि ‘पाणी, पाणी’ म्हणत रडत. आम्ही भांडे तोंडाशी धरत होतो आणि त्या ते डाव्या हाताने लोटत होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलीने मोबाइलमध्ये घरातल्या आठ-दहा वस्तूंची छायाचित्रे काढून त्यांना एकेक दाखवली, तेव्हा न्हाणीघरातल्या फडताळाच्या छायाचित्रावर त्यांनी बोट ठेवले आणि ते तिथून हलवले नाही. त्या फडताळावर त्यांच्या कवळीची डबी होती. रुग्णालयात काढून ठेवलेली कवळी परत बसवायची आम्हा सर्वांच्याच ध्यानातून गेली होती. पुढे जे लिहिते आहे ते त्या दिवसापासून दीड वर्षात आणि एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली आम्ही शिकलो ते आहे.

चित्रे कोणती घ्यावीत

पहिला मोह होतो तो स्टेशनरीच्या दुकानातून बालवाडीचे तक्ते आणण्याचा, कारण ते स्वस्त असतात आणि लगेच मिळतात. तो टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे संसार किंवा नोकरी केली, त्याच्यापुढे ‘अ अननसाचा’ धरला की त्याला आपण लहान मूल ठरवतो आणि तो फलकाकडे पाहायचेच सोडून देतो. शिवाय तक्त्यावरच्या रंगीत पेल्याचा आपल्या घरातल्या स्टीलच्या पेल्याशी संबंध जोडण्याचा जादा भार त्याच्या थकलेल्या मेंदूवर पडतो. म्हणून छायाचित्रे घरातल्याच वस्तूंची असावीत: त्यांचाच चहाचा कप, त्यांचीच चादर, त्यांच्याच खोलीतला पंखा.

वस्तू एका रंगाच्या, बिननक्षीच्या चादरीवर ठेवावी, खिडकीचा उजेड बाजूने येईल असे पाहावे आणि चौकटीत त्या वस्तूखेरीज काहीही येऊ देऊ नये. स्टीलचे भांडे पांढऱ्या कापडावर विरून जाते, त्यासाठी गडद निळे किंवा तपकिरी कापड घ्यावे. फोटो स्टुडिओत या प्रतिमा पोस्टकार्डाच्या आकारात छापून मिळतात. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा झोत पडून पलंगावरून नेमके काहीच दिसत नाही, त्यामुळे मॅट लॅमिनेशन मागून घ्यावे किंवा चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवावे. चित्राखाली शब्द लिहावा, पण तो मोठ्या अक्षरांत, एकच, आणि त्या घरात खरोखर बोलला जाणारा. कोणाकडे पाणी पिण्याचे ‘भांडे’ असते, कोणाकडे ‘पेला’, तर कोणाकडे ‘ग्लास’; जो शब्द रुग्णाने आयुष्यभर वापरला, तोच परत येण्याची शक्यता अधिक असते. वाचाघातात अनेकदा वाचनही बिघडते, म्हणून शब्दावर विसंबून राहू नये.

सुरुवात दोन चित्रांनी करावी, ती सहज जमू लागली की चार आणि मग एका पानावर सहा. पाणी, चहा, लघवी-संडास, दुखते आहे, कूस बदला, चष्मा ही बहुतेक घरांत पहिली सहा असतात. त्यानंतर पंखा, दिवा, पांघरूण, जपमाळ किंवा वर्तमानपत्र, आणि घरातल्या माणसांची अलीकडची छायाचित्रे घ्यावीत. यांच्याइतकेच आवश्यक असे एक चित्र लोक हमखास विसरतात, ते म्हणजे ‘यांतले काहीच नाही’. त्यासाठी मोठे प्रश्नचिन्ह काढलेला एक चौकोन प्रत्येक पानावर ठेवावा. तो नसेल तर रुग्ण कंटाळून कशावर तरी बोट ठेवतो आणि आपण समजतो की त्याला चहा हवा आहे.

दुखण्यासाठी माणसाच्या शरीराची पुढून आणि मागून अशी साधी बाह्यरेषा काढावी, ज्यावर रुग्ण जागा दाखवू शकेल. किती दुखते हे विचारायला आकडे वापरू नयेत, कारण या आजारात आकडेही उलटसुलट होतात. रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्या भांड्यापर्यंतची पाच चित्रे आमच्याकडे उत्तम चालली.

फलक कोठे आणि कसा धरावा

डाव्या मेंदूला इजा झाली की बहुधा शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवा भागही जातो. अशा रुग्णासमोर फलक मधोमध धरला तर त्याला अर्धाच दिसतो. तो थोडा डावीकडे, डाव्या हाताच्या पोहोचीत आणि डोळ्यांपासून वीतदीड वीत अंतरावर धरावा, आणि नजर कमी पडते आहे अशी शंका असल्यास चित्रे आडव्या ओळीत न लावता एकाखाली एक लावावीत. चष्मा आधी घालावा, टीव्ही बंद करावा.

ज्या चित्राची जिथे गरज, तिथेच ते असावे. संडासाचे चित्र पलंगाच्या कठड्याला, चहा-न्याहारीची चित्रे जेवणाच्या टेबलावर, आणि बाहेर फिरायला नेण्याचे चित्र दाराजवळ. संडासाचे चित्र मात्र बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल असे लटकवू नये. घडी करता येणाऱ्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ते लावले तर रुग्णाची लाज राखली जाते.

फलक वापरण्याची रीत फलकापेक्षा महत्त्वाची आहे. नुसता फलक समोर धरून ‘काय हवे ते दाखवा’ म्हटले, तर ती परीक्षा होते. त्याऐवजी आपण स्वतः बोलताना त्या त्या चित्रावर बोट ठेवावे: ‘चहा झाला आहे, आता गोळी घ्यायची’ असे म्हणत चहावर आणि मग गोळीवर. घरातले सगळेच असे करू लागले की रुग्णाला बोट ठेवणे कमीपणाचे वाटत नाही. एक प्रश्न विचारावा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजून थांबावे. हे थांबणे फार कठीण जाते. शब्द आपल्या ओठांवर तयार असतो आणि समोरच्याची धडपड पाहवत नाही. पण बहुतेक वेळा उत्तर सातव्या-आठव्या सेकंदाला येते.

‘हो’ आणि ‘नाही’ यांवर सुरुवातीला विश्वास ठेवू नये, कारण वाचाघाताच्या रुग्णाच्या तोंडून मनात ‘नाही’ असताना ‘हो’ निघून जाते आणि मानही चुकीची हलते. हिरव्या बरोबरच्या खुणेचे आणि लाल फुलीचे अशी दोन कार्डे करावीत आणि रोज एखादा असा प्रश्न विचारून पाहावा, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. महत्त्वाची गोष्ट उलट करूनही विचारावी. ‘पोट दुखते का?’ याला ‘हो’ आले, तर थोड्या वेळाने ‘पोट आता बरे आहे ना?’ असे विचारावे. दोन्ही वेळा ‘हो’ आले, तर शरीराच्या चित्राकडे वळावे.

वाराचे भान राहावे यासाठी निराळे काही करण्याची गरज नाही. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये आजच्या चौकोनावर रोज सकाळी कपडे वाळत घालायचा एक लहान चिमटा किंवा रंगीत चिकटपट्टी सरकवावी, आणि डॉक्टरांच्या भेटीच्या दिवसावर दवाखान्याचे, मुलगी येणार असेल त्या दिवशी तिचे छायाचित्र लावावे. चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या पिढीला तारखेपेक्षा त्या खुणा लवकर उमगतात.

काळजी घेणाऱ्यासाठी भिंतीवरचे तक्ते

चित्रांची गरज फक्त रुग्णाला असते असे मानणे चूक आहे. रात्रभर जागलेल्या सुनेला, आठवड्यातून एकदा येणाऱ्या मुलाला आणि ब्युरोतून नव्याने आलेल्या मावशींना एकच गोष्ट एकाच पद्धतीने करायची असते, आणि तोंडी सांगितलेले तिघांच्या लक्षात तीन तऱ्हेने राहते.

औषधांचा तक्ता सर्वांत आधी करावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला कळते. नव्या माणसाला कळेलच असे नाही. कागदावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र असे तीन रकाने आखावेत आणि प्रत्येक गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा त्या त्या रकान्यात चिकटवावा. वापरात असलेल्या पाकिटातल्या गोळ्या मुदतीची तारीख छापलेल्या टोकाच्या विरुद्ध बाजूने काढत जाव्यात, म्हणजे तारीख शेवटपर्यंत टिकते. जेवणाआधीच्या गोळीपुढे रिकामे ताट, जेवणानंतरच्या गोळीपुढे भरलेले ताट काढावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीभोवती लाल चौकट असावी, कारण ती चुकणे आणि दोनदा दिली जाणे, दोन्ही धोक्याचे आहे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की पाकिटाचा रंग बदलतो. त्या दिवशीच तक्ता बदलावा आणि कोपऱ्यात तारीख घालावी. घरात इन्सुलिन असेल तर कुपी आणि सिरिंज यांचे एकत्र छायाचित्र लावावे: ४० युनिटच्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या कुपीला नारिंगी टोपणाची. यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. त्यासाठी पुठ्ठ्याचे घड्याळ करून प्रत्येक दोन तासांच्या घरात डावी कूस, पाठ, उजवी कूस असे झोपलेल्या माणसाचे रेखाचित्र काढावे. पलंगाच्या उशाशी आणखी दोन छायाचित्रे हवीत. एकात रुग्ण ताठ बसून जेवत आहे, आणि खाली ‘जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नये’ असे लिहिलेले आहे. गिळण्याची तपासणी झाली असेल तर तज्ज्ञाने सांगितलेला अन्नाचा घट्ट-पातळपणाही वाटीतल्या छायाचित्राने दाखवावा. दुसऱ्यात लुळा हात धरून ओढणाऱ्या माणसावर लाल फुली आहे, कारण उठवताना तो हात ओढल्याने खांदा निसटतो आणि ते दुखणे महिनोन्महिने छळते. व्यायाम शिकवले जात असताना फिजिओथेरपिस्टची परवानगी घेऊन प्रत्येक स्थितीचे छायाचित्र काढून घ्यावे. आठवणीवर काढलेल्या चित्रापेक्षा ते कितीतरी भरवशाचे असते.

आणि एक तक्ता माणसांचा. सात दिवस, सात रात्री, आणि प्रत्येक घरात त्या वेळी जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र. आमच्याकडे हा तक्ता लागला तेव्हा चौदांपैकी अकरा घरांत माझाच चेहरा होता. मी सहा महिने तोंडाने जे सांगू शकले नव्हते, ते माझ्या दिरांना त्या भिंतीने एका दृष्टिक्षेपात सांगितले, आणि शनिवार-रविवारच्या रात्री त्यांनी आपणहून घेतल्या.

पुन्हा झटका आला तर

दाराजवळ चार चित्रांचा एक तक्ता असावा: वाकडा झालेला चेहरा, खाली घसरणारा हात, अडखळणारे बोलणे आणि घड्याळ, शेजारी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. गुठळी विरघळवणारे औषध, ज्यांना ते चालते त्यांना, लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षण दिसल्याची वेळ लिहून ठेवावी. मात्र ज्याचा चेहरा आधीच थोडा वाकडा आहे, त्याच्यात नवे काय हे नव्या माणसाला कसे कळावे? त्यासाठी रुग्णाचे आजचे, नेहमीच्या स्थितीतले छायाचित्र त्याच तक्त्यावर लावावे आणि ‘नेहमी असे असते’ असे लिहावे. दर दोन-तीन महिन्यांनी ते बदलावे.

वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला शक्य तितक्या लवकर घ्यावा, कारण कोणती चित्रे आणि किती, हे वाचाघाताच्या प्रकारावर ठरते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

शेवटचे एक पान रुग्णालयाच्या पिशवीत कायम ठेवावे. त्यावर रुग्णाचे छायाचित्र, नेहमीची सहा चित्रे, बरोबर-चूक या खुणा आणि मोठ्या अक्षरांत चार ओळी: ‘मला बोलता येत नाही, पण पुष्कळसे समजते. एका वेळी एकच प्रश्न विचारा. उत्तरासाठी थोडे थांबा. माझा चष्मा आणि कवळी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.’